तीन खात्यांचे कोठार

१

दार उघडले तेव्हा आत एक मनुष्य होता, आणि तो मेलेला होता.

एवढेच असते तर त्या घटनेला अपघात म्हणून वाटेला लावता आले असते. परंतु त्या दाराला बाहेरून तीन कुलपे होती. तिन्हींच्या किल्ल्या तीन निरनिराळ्या खात्यांच्या तीन माणसांपाशी होत्या. आणि ती माणसे एकत्र आल्याखेरीज दार उघडता येऊ नये, असा सरकारी हुकूमच होता. त्या सकाळी ती एकत्र आली, प्रत्येकाने आपापले कुलूप काढले, आणि दाराच्या दोन्ही फळ्या ढकलताच सिमेंटच्या पोत्यांपाशी पालथा पडलेला, रस्त्याच्या कामावरचा हौशीराम मिस्त्री दिसला. डोक्याला मागून जबर मार होता. शेजारी पहार पडली होती.

सन १९३८ च्या श्रावणातली ही हकीकत. मावळात टाकवे बुद्रुकच्या पुढे नदी ओलांडली की डोंगर जवळ येऊ लागतात, आणि ठाकरवाडीपाशी ते इतके जवळ येतात की आत शिरलेल्या माणसाला आपण कोठून आलो हे एकदा वळून पाहावेसे वाटते. त्या खोऱ्यात सरकार रस्ता काढीत होते. रस्ता बांधकाम खात्याचा, तो जाणार ते रान जंगल खात्याचे, आणि शेतांतून जाणारी पट्टी ताब्यात घेऊन देणे महसूल खात्याचे काम. खडक फोडण्याची सुरुंगाची दारू ज्या कोठारात ठेवीत त्याचाही असाच वाटा पडला होता: माल पहिल्याचा, जागा दुसऱ्याची, परवाना तिसऱ्याचा. म्हणून कुलपे तीन.

गावचे पोलीस पाटील कोंडाजी असवले यांनी तपास केला तो सरळ होता. भिंती दगडी, खिडकी नाही. दाराला तीन कुलपे. उरले छप्पर. ते कौलारू, आणि गेल्या वैशाखात कौले उतरवून पुन्हा बसवीत ते चाळून दिले होते वाडीतल्या कोंडू ठाकराने. हाच कोंडू मागल्या बाजाराच्या दिवशी हौशीरामाला चारचौघांत शिव्या देत होता, कारण रस्त्याचा चर त्याच्या भाताच्या खाचरातून खणला गेला होता. कारण सापडले, वाट सापडली. माणूस तर घरातच सापडला. दुपारच्या आत कोंडू सरकारी बंगल्यामागच्या तबेल्यात खांबाला बांधला गेला होता.

२

त्याच दुपारी नदीवरून शेवटची होडी आली. प्रांतांच्या कचेरीतले शिरस्तेदार त्र्यंबकराव राजमाचीकर तिच्यातून उतरले. तिन्ही खात्यांनी मिळून करावयाच्या पाहणीसाठी पुण्याहून बडे अधिकारी येणार होते. ते कान्हे स्टेशनावरच पाणी पाहून परतले, आणि एकटे राजमाचीकर, हुकूम रद्द झाल्याचे आपल्याला कोणी कळविले नाही या सबबीवर, पुढे आले. त्यांना पोहोचवून नावाडी होडी ओढून काठावर पालथी घालू लागला, तेव्हा पाणी त्याच्या पायांपाठोपाठ वर येत होते.

"आता साहेब, ना कोनी येनार ना कोनी जानार," पाटील म्हणाले. "पानी उतरलं की फौजदार येत्यात. ते कोंडूला वडगावला न्हेतील, तितनं पुन्याला. आपल्याला काय, वाट बगायची."

खुनाच्या तपासाचा कोणताही अधिकार राजमाचीकरांना नव्हता. वेळ मात्र होता. आणि न पटलेली गोष्ट ऐकून घेऊन गप्प बसणे त्यांना उभ्या नोकरीत जमले नव्हते. ते थेट तबेल्यात गेले.

कोंडू गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याची बायको गंगी दारात बसून होती. तिला आतही येऊ देत नव्हते आणि ती घरीही जात नव्हती.

"मिस्त्रीशी भांडण कशावरून?" राजमाचीकरांनी विचारले.

"रस्ता माज्या खाचरातनं काढला. हद्दीचा दगड वरच्या पडीक पडनीत व्हता, साहेब. त्यो खाली आला."

"दगड चालत आला?"

"आमीबी मिस्त्रीला त्येच इचारलं. त्यो म्हनला, मलाबी त्येच इचारायचंय."

"कोणाला विचारायचे होते त्याला?"

"त्ये न्हाई सांगितलं."

"लय गोड बोलतोय," पाटील मधेच म्हणाले. "शिव्या दिल्या त्या सांग की."

"दिल्या. शिव्यांनी मानूस मरत असता, पाटील, तर तुमी हितं हुबं नसता."

पाटलांनी हात उगारला. राजमाचीकरांनी तो नुसत्या नजरेने खाली आणविला. गंगी म्हणाली, "आबा, त्याच्या अंगावर कौलाचा एक वरखडा न्हाई, बगा. आन् पुन्याला न्हेलेला ठाकर कंदी माघारी आलाय का?"

राजमाचीकरांनी शिडी मागवून छप्पर पाहिले. कौले जागच्या जागी होती. पण जाणत्या हाताने ती काढून पुन्हा तशीच बसविता आली असती, हेही उघड होते. ते शिडीवरून उतरले ते एक निष्कर्ष घेऊन: छपरातून कोणी शिरले नाही, हे कधीच सिद्ध करता येणार नाही. कोंडू सुटायचा असेल तर दारातून शिरता येत होते, हेच सिद्ध केले पाहिजे. आणि तीन कुलपांच्या दारातून शिरता येत नव्हते.

३

बंगल्याला चार खोल्या होत्या आणि चारही खोल्यांची दारे एकाच पडवीवर उघडत. तिघे किल्लीदार आदल्या दिवशीच येऊन तेथे उतरले होते. आता पडवीच्या कडेला पाण्याचा पडदा लागला होता. कोणी खाकरले तरी चौघांना ऐकू जाई. त्यामुळे कोणी खाकरतही नव्हते.

राजमाचीकरांनी एकेकाला बोलाविले, आणि येताना आपापले कुलूप व किल्ली आणण्यास सांगितले.

पहिला बांधकाम खात्याचा ओव्हरसियर महिपती शेलार. तरुण, दाढी वाढलेली. भुशीच्या बाजूच्या कामावरून चैत्रात येथे बदलून आलेला.

"कोठार शेवटचे केव्हा उघडले?"

"पावसाळा लागल्यापासून कोठार उघडलेले नाही."

"काम मात्र चालू होते?"

"थोडेफार."

"सिमेंटशिवाय?"

महिपतीने पडवीबाहेर पाहिले. "पावसाळा लागल्यापासून कोठार उघडलेले नाही," तो पुन्हा म्हणाला.

दुसरा जंगल खात्याचा राउंडगार्ड बजरंग पिंगळे. पोक्त, गलमिशावाला, चार मुलींचा बाप. विचारण्याआधीच त्याने सांगून टाकले, "पावसाळा लागल्यापासून कोठार उघडलेले नाही, रावसाहेब."

तिसरा महसूल खात्याचा सर्कल दत्तोबा ढमाले. अंगात काळा कोट, बोलण्यात कचेरीची सफाई. तोही तेच वाक्य बोलला, आणि वर म्हणाला, "मी तर आषाढापासून आज सकाळपर्यंत त्या कुलपाला बोट लावलेले नव्हते. काल तिसऱ्या प्रहरी आलो तो या खोलीतच होतो. कोठाराकडे गेलो तो आज सकाळी, सर्वांबरोबर. माझ्या शिपायाचाही हात त्याला लागलेला नाही. आपण निर्धास्त लिहून घ्यावे."

राजमाचीकरांनी लिहून घेतले नाही. टेबलावर तीन कुलपे पडली होती. लोणावळ्याच्या बाजारातून एकाच वेळी घेतलेली, एकाच घडणीची. दोघांची वापरून चकचकीत झाली होती. सर्कलचे बाहेरून तांबारलेले होते. राजमाचीकरांनी चाळा म्हणून तिन्हींत किल्ल्या फिरवून पाहिल्या. तिन्ही लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली.

तीस वर्षांच्या चाकरीत त्यांनी या तीन खात्यांचे एकमत कधी पाहिले नव्हते. पाहणीच्या वेळी खुर्च्या कोणाच्या शिपायाने मांडाव्यात यावरही या मंडळींत वाद होत. आणि आज एका खुनाबाबत तिघे जण एकच वाक्य, एकाच क्रमाने, एकही शब्द इकडचा तिकडे न करता बोलत होते. खरी गोष्ट तीन माणसे तीन तऱ्हांनी सांगतात. एका तऱ्हेने सांगितली जाते ती ठरविलेली गोष्ट.

संध्याकाळ होण्याआधी ते तिघांना व पाटलांना घेऊन कोठारात गेले. प्रेत शेजारच्या छपरीत हलविले होते. आत सिमेंट, दारूच्या पेट्या, जंगल खात्याची तारेची भेंडोळी. आणि पोत्यांमागे भिंतीशी टेकून चार घडीव दगड. तीन ओळीने उभे होते. चौथा ओळीतून ओढून अर्ध्या वाटेवर आणलेला होता.

"हे कोणाचे?"

"जंगल खात्याचे असतील," महिपती म्हणाला.

बजरंगने मान वर केली. "आमचे? मी चैत्रापासून समजतोय, बांधकामाचे आहेत म्हणून!"

"अहो, मग विचारायचे नाही का?"

"तुम्ही तरी कुठे विचारलेत? दुसऱ्याच्या मालाला मी कशाला हात लावू?"

"आणि ढमाले, आपले काय मत?"

"मला काय ठाऊक," सर्कल म्हणाला. "दगड आहेत."

४

"आता एक छोटेसे काम करा," कोठाराबाहेर येऊन राजमाचीकर म्हणाले. "दार पूर्वी लावीत होता तसेच लावून दाखवा."

त्यांनी कुलपे ज्याची त्याला दिली. पाटील छत्री घेऊन पुढे सरसावले.

"पाटील, सकाळी आपण कोठे उभे होता?"

"ह्येंच्या पाठीमागं की. तिगांवर तीन छत्र्या धरायच्या म्हंजी काय सोपं काम हाय?"

"म्हणजे आपल्याला पाठी दिसल्या."

"पाठी... व्हय, पाठीच दिसल्या."

दाराच्या प्रत्येक फळीला एकेक जाड लोखंडी कडी होती. दोन्ही कड्या एकमेकींवर आणून त्यांतून कुलूप घालावयाचे, असे तीन वेळा. महिपतीने आपले कुलूप घातले व दाबले. बजरंगने आपले घातले. ते जरा घासून, पण बसले. मग दत्तोबा पुढे झाला. त्याने कुलपाचा दांडा कड्यांशी नेला, तिरका केला, उलटा केला. मागे सरकून त्याने पुन्हा पाहिले, जणू दार बदलले होते.

कड्यांत जागाच नव्हती. दोन दांड्यांनी त्या भरून गेल्या होत्या. तिसरे कुलूप त्यांतून जात नव्हते, आणि कधीच गेलेले नसणार, हे लहान मुलालाही कळण्यासारखे होते.

पाटलांच्या हातातली छत्री हळूहळू एका बाजूला कलली आणि पाण्याची धार सर्कलच्या कोटावर पडू लागली. सर्कलला ती कळलीही नाही.

"तर मग," राजमाचीकर म्हणाले, "सकाळी या दारावर तीन कुलपे होती कशी?"

५

महिपती शेलार आधी बोलला. तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज गुन्हेगाराचा नव्हता, चिडलेल्या माणसाचा होता.

"कुलपांचा हुकूम आला तेव्हाच कळले, कड्या लहान आहेत. मोठ्या मागवायच्या तर दार आमचे, कड्या जंगल खात्याने बसवलेल्या, आणि हुकूम महसूलचा. कोणी लिहायचे नि कोणाला? लिहिले असते तर दिवाळीला उत्तर आले असते. आणि रोज तीन माणसे तीन गावांहून गोळा करून एक पोते सिमेंट काढायचे? मग मी एक कुलूप या कडीत घातले, एक त्या कडीत, आणि मधले दोन्ही कुलपांत अडकवून दिले. तीन माणसांनी हातात हात घालावेत तसे. तिन्ही कुलपे दारावर. हुकूम पाळला."

"आणि त्यांतले कोणतेही एक उघडले—"

"की दार उघडते."

पाटलांनी हे ऐकून खालीच बैठक मारली. "आरं तिच्या! म्हंजी सकाळी पयलं कुलूप निगालं तवाच दार मोकळं झालं, आन् बाकीचे दोगं?"

"आम्ही आपापले कुलूप हातात घेऊन उघडले," बजरंग खाली मान घालून म्हणाला. "उद्या पाहणी होती. सवय राहावी म्हणून."

राजमाचीकर हसले नाहीत. "आणि ही व्यवस्था तिघांनाही ठाऊक होती. ती सांगितली तर नोकरी जाते. सांगितली नाही तर कोंडू जातो. तुम्ही सकाळी, प्रेत पायांशी असताना, यांपैकी दुसरे ठरविलेत."

"आम्हाला वाटले, कोंडूनेच केले असेल," महिपती म्हणाला.

"वाटले, की वाटून घेतले?"

राजमाचीकर काही वेळ कोठारापुढे येरझारा घालीत राहिले. आता दार मोकळे झाले होते, पण तिघांसाठी सारखेच मोकळे. आणि तिघांवरचा संशय हा कोणावरच संशय नसल्यासारखा असतो. फौजदारापुढे तिघे पुन्हा एक झाले की तबेल्यातला मनुष्य होता तेथेच राहणार होता. नदीचा आवाज वाढला होता की कमी झाला होता, हे त्यांना सांगता येईना; आणि पाणी उतरू नये असे वाटणारा त्या बंगल्यात आपण एकटेच असू, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले.

मग ते थांबले. "पिंगळे, याच घडणीचे आणखी एखादे कुलूप या खोऱ्यात आहे काय?"

"आमच्या नाक्यावर आहे की. त्याच दिवशी लावलेले. पावसात गाड्या बंद, म्हणून ज्येष्ठापासून तसेच आहे."

"चला, उघडून दाखवा."

नाका चार पावलांवर होता. बजरंगने किल्ली घातली, ती हलेना. दोन्ही हातांनी जोर केला. मग पाटलांनी केला. किल्ली वाकली, कुलूप तसेच राहिले.

"मावळचं पानी हाय साहेब," पाटील धापा टाकीत म्हणाले. "लोकंडाला म्हैन्यात खाऊन टाकतंय."

राजमाचीकरांनी दोन्ही हात मागे बांधले. त्यांच्या मुद्रेवर प्रथमच समाधान दिसले. पण ते फार आनंदाचे नव्हते.

६

सर्वजण बंगल्यात परतले. राजमाचीकरांनी सर्कलचे कुलूप टेबलावर एका कोऱ्या कागदावर उपडे ठेवले. काही वेळाने त्याच्या भोकातून एक तांबूस, चिकट थेंब कागदावर उतरला.

"ढमाले, आषाढापासून आज सकाळपर्यंत आपण या कुलपाला हात लावलेला नव्हता."

"म्हणालो, आणि अजून म्हणतो."

"मला ते दुपारी खरे वाटले असते. तुमच्या तिघांच्या पहिल्या गोष्टीप्रमाणे तिन्ही कुलपे सारखीच बंद होती आणि तिन्ही सारखीच उघडली. त्यात नवल काही नाही. पण दुसरी गोष्ट, खरी गोष्ट, निराळी आहे. शेलार आणि पिंगळे आपापले कुलूप रोज उघडीत. आपल्याला उघडावे लागत नसे. त्या व्यवस्थेचा सगळा फायदा आपल्याला तोच होता. मग आपले कुलूप नाक्यावरच्यासारखे गंजून बसावयास हवे होते. ते एका वळशात उघडते, आणि आतून तेल गळते. हे तेल कोणी घातले?"

"मला काय ठाऊक? या दोघांपैकी कोणी घातले असेल."

"कशासाठी? त्यांच्यापाशी स्वतःची किल्ली आहे. दार उघडण्यास त्यांना आपले कुलूप लागत नाही."

"मग कोंडूने."

"तो छपरातून उतरला ना? छपरातून उतरणाऱ्याला कुलपाशी काय करायचे आहे?"

"एखाद्याने परोपकार म्हणून घातले असेल!" दत्तोबाचा आवाज चढला.

"एका खात्याने दुसऱ्या खात्याच्या कुलपात परोपकाराने तेल घातल्याचे मी तरी ऐकलेले नाही. त्या कुलपातले तेल एकाच माणसाच्या उपयोगाचे आहे: त्याची किल्ली ज्याच्यापाशी आहे त्याच्या."

"बरे, मीच घातले. आज सकाळच्या उघडणीसाठी. तो काय गुन्हा झाला?"

"नाही झाला. पण तसे असते तर आपण ते पहिल्या प्रश्नालाच सांगितले असते. आपण सांगितलेत ते हे की, आपण कोठाराकडे फिरकलाच नाहीत. आपल्याला केवळ कुलूप लपवायचे नव्हते. काल आल्यानंतर आपण तेथे होता, ते लपवायचे होते."

दत्तोबा उठला, पण जाण्यास जागा नव्हती. दारात पाटील, पाटलांमागे पाऊस, आणि पावसामागे नदी.

"शिवाय ते दगड," राजमाचीकर शांतपणे म्हणाले. "एक मी उलटून पाहिला. भिंतीकडच्या बाजूला रस्त्याच्या हद्दीचा बाण कोरला आहे. शेलार येथे चैत्रात आले. त्यांनी खाली जे दगड रोवलेले पाहिले त्यांच्यावरून काम केले. पिंगळ्यांना जंगलाची हद्द ठाऊक, रस्त्याची नाही. पण गेल्या मार्गशीर्षात या रस्त्याची रेघ ज्यांनी आखली, त्यांत आपण होता, आणि हौशीराम मिस्त्री होता. त्या दोघांपैकी एकाला हे दगड ओळखू आले. दुसरा म्हणाला, मला काय ठाऊक. पाटील, वरची पडण कोणाची?"

पाटील दाराला टेकले. "वरची? ती... सर्कलसायबांच्या मेव्हन्यानं घेतली की औंदा. कलमं लावल्यात तितं." मग त्यांनी दत्तोबाकडे असे पाहिले की जणू तो आत्ताच होडीतून उतरला होता. "सायेब, तुमी सकाळच्याला मला म्हनला, 'छप्पर कोनी चाळलं ते बगा.' मला वाटलं, तुमचंच डोस्कं चाललं."

दत्तोबा खुर्चीत बसला. काळा कोट ओला होता व त्याला वाफ येत होती.

"खाली दुसरे दगड रोवले, आणि वरचे काढून दूर टाकणार होतो," तो म्हणाला. "गडी लागले असते, आणि गडी बोलतात. कोठारात ठेवले की कोणी विचारणार नाही, एवढे मला ठाऊक होते. कोणी विचारलेही नाही. पण पाहणीला आपण येणार म्हणून कळले. आपण विचारता."

"आणि मिस्त्री?"

"दार उघडे दिसले म्हणून आत आला. दगड पाहिला. हसला, रावसाहेब. म्हणाला, 'कोंडू म्हणतो, दगड चालतो. हा दमलेला दिसतोय.' आणि वळला. तो बाहेर गेला असता तर... मी त्याला मारायला गेलो नव्हतो."

"पहार मात्र आपल्याच हातात होती," राजमाचीकर म्हणाले.

७

पाणी दुसऱ्या दिवशी उतरले. पैलतीरावर फौजदारांची टोपी दिसली, आणि नावाड्याने होडी सुलटी केली.

दत्तोबा तोवर बदलला होता. माझ्यावर दडपण आणून वदवून घेतले, असे तो आता म्हणत होता. तिन्ही किल्ल्यांवाचून दार उघडत नाही, हे सरकारी कागदावर आहे, असेही म्हणत होता. आणि ते खरे होते. कुलपे एकमेकांत अडकविलेली होती, असे शेलार व पिंगळे यांनी जबानीत सांगून खाली सही केली नाही, तर कायद्याच्या दृष्टीने ते दार बंदच होते, आणि कोंडूच्या माथ्यावरचे छप्पर उघडे.

तबेल्यापुढे टेबल मांडले होते. राजमाचीकरांनी जबानी लिहून तयार ठेवली होती.

"मी तुम्हा दोघांना वाचवू शकेन असे समजू नका," ते म्हणाले. "हुकूम मोडलात हे खरे, आणि सकाळी खोटे बोललात हे त्याहून वाईट. नोकरी बहुतेक जाईल."

महिपतीने कागद वाचला. "आधी पिंगळ्यांनी सही करावी. वयाने मोठे आहेत."

"युक्ती कोणाची होती?" बजरंग म्हणाला. "आधी तुमच्या खात्याने करावी. मग आमच्या खात्याला विचारून—"

"विचारून? दिवाळीपर्यंत?"

"माझ्या दोन मुली लग्नाच्या आहेत, शेलार! तुमचे काय, सडे माणूस!"

होडीने अलीकडचा काठ सोडला. गंगी उठली आणि टेबलापाशी आली. ती रडत नव्हती.

"हे म्हनतंय तुमी आदी, ते म्हनतंय तुमी आदी," ती म्हणाली. "मग असं करा दादा. तुमच्या दोगांच्या आदी मीच आंगटा उठवते. काय लिवलंय ते सांगा. दार उगडं व्हतं, असंच ना? ते मला न्हाई ठावं. पर कुनीतरी आदी करायला पायजे."

तिने खरोखरच अंगठा शाईच्या दौतीत बुडविला. महिपतीने तिचा हात धरून बाजूला केला, टाक उचलला आणि उभ्याउभ्या सही केली.

"रावसाहेब, आणखी एक ओळ घाला. कल्पना माझी होती. आणि तिच्यामुळे काम एक दिवसही अडले नाही, तेही लिहा."

"ते आरोपीच्या नव्हे, आपल्याच विरुद्ध जाईल."

"जाऊ दे. खरे आहे."

राजमाचीकरांनी ओळ घातली. बजरंग गलमिशा ओढीत उभा राहिला. शेवटी त्यानेही सही केली, आणि सही झाल्यावर टाक असा पुसला की जणू तो परत करावयाचा होता. पाटलांनी कोंडूचे दोर सोडले. सोडताना ते त्याच्याशी बोलले नाहीत. गाठ घट्ट बसली होती, म्हणून तिला मात्र पुष्कळ शिव्या दिल्या.

कोंडूने मनगटे चोळली. "साहेब, आता रस्ता कुनीकडनं जानार?"

"खरी रेघ वरून आहे. तशी दुरुस्ती होईल."

"कोन करनार?"

राजमाचीकरांनी काठाकडे पाहिले. सर्कल होडीतून जाणार होता. ओव्हरसियर आणि राउंडगार्ड त्याच होडीतून, जबानीसाठी. आणि ते येथे परत येण्याची शक्यता थोडी होती. नवी तीन माणसे येतील, तीन खात्यांतून, तीन वेळी. ती येऊन पाहतील तेव्हा त्यांना खाली, खाचराच्या कडेला रोवलेले खोटे दगड दिसतील, आणि चर तेथूनच पुढे जाईल.

"दुसऱ्या सायबाला खरी जागा कोन दावनार?" कोंडू म्हणाला. "मी? माजं कोन ऐकतंय?"

महिपती कोठाराकडे चालू लागला. थोड्या वेळाने तो आतून ओरडला, "पिंगळे! एकट्याला उचलत नाही हा!"

"ते पुराव्याचे दगड आहेत," राजमाचीकरांनी हरकत घेतली. मग त्यांनी क्षणभर विचार केला. ओढलेला चौथा दगड पुराव्यास आवश्यक होता, यात शंका नव्हती. उरलेले तीन कशाचा पुरावा होते? ते हलविले गेले, याचा. आणि हलविलेली वस्तू जागेवर नेऊन ठेवण्यास पुराव्याच्या कोणत्याही नियमाचा विरोध असल्याचे त्यांना आठवेना. "एक पुरे," ते म्हणाले. "बाकीचे न्या."

वरच्या पडणीत, कलमांच्या ओळीमधून, कोंडूने जागा दाखविली. खड्ड्यांत माती लोटलेली होती, पण ती भोवतालच्या मातीहून अजून मऊ होती. महिपती आणि बजरंग यांनी पहिला दगड उतरविला. कोंडूने पायाने माती दाबली, गंगीने हाताने. दुसरा रोवीपर्यंत खाली काठावरून फौजदारांची हाक आली.

"थांबायला सांगा त्यांना!" बजरंग पाटलांना ओरडून म्हणाला, आणि इतक्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाला आपण काय म्हटले हे ऐकून स्वतःच दचकला.

तिसरा दगड बाण रस्त्याच्या दिशेला करून उभा राहिला. महिपतीने तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हलला नाही. त्याने हातांचा चिखल गवताला पुसला. खालून दुसरी हाक आली.

"चला," तो म्हणाला, आणि दोघे होडीकडे उतरू लागले.